काकाच्या बल्बातून आलेला उजेड

आमच्या घरात पहिल्यांदा लाईट आली ती रस्त्यावरच्या खांबावरून नाही, जनाकाकाच्या बल्बातून आली. जनाकाका म्हणजे माझ्या वडलांचा धाकटा भाऊ. वाटण्या झाल्या तेव्हा जुनं घर त्याच्याकडे राहिलं आणि बाबांनी त्याच्या शेजारीच, मधे खळं सोडून, कुडाच्या भिंतींचं नवं घर बांधलं. खळं तेवढं दोघांत ठेवलं, कारण भात झोडायचं ते एकत्रच. आमच्या वैशाखरे गावात तेव्हा मोजक्याच घरांत मीटर बसले होते आणि त्यांत जुनं घर होतं. एक मीटर, माजघरात एक बल्ब, भिंतीला एक काळं बटन, एवढाच सगळा कारभार. नव्या घरासाठी बाबांनी अर्ज दिला होता, पण नंबर येईपर्यंत थांबायचं म्हणजे त्यांच्या अंगाला खाज सुटायची. थांबणं हा गुण आमच्या घरात बाबांकडेही नव्हता आणि त्यांची मुलगी म्हणून माझ्याकडेही आला नाही.

बाबांना वायरिंग येत नव्हतं, पण पाणी येत होतं. आमची भाताची खाचरं उतारावर, एकाखाली एक. वरचं खाचर भरलं की त्याच्या बांधाला तोंड पाडायचं, पाणी खालच्या खाचरात उतरतं, तिथून त्याच्याही खालच्यात. हे काम बाबा डोळे मिटून करायचे. लाईट त्यांनी तशीच आणली. काकाच्या बल्बातून निघणारी तार तोडली, ती खळ्यावरून आमच्या घरी ओढली, आमच्या बल्बात घातली आणि आमच्या बल्बातून निघालेली तार परत नेऊन तुटलेल्या दुसऱ्या टोकाला जोडली. म्हणजे करंट आधी काकाच्या बल्बात, मग आमच्या बल्बात, मग माघारी खांबाकडे. दोघे भाऊ दिवसभर त्यात गुंतले होते आणि संध्याकाळी दोन्ही बल्ब एकदम लागले तेव्हा आई नि काकीने आपापल्या बल्बाला हळदकुंकू लावायचं तेवढं बाकी ठेवलं.

उजेड तसा बेताचाच होता. कंदिलापेक्षा बरा, तांबूस, भाकरीचा पापुद्रा दिसेल पण भातातला खडा दिसणार नाही असा. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. एका घरचा करंट दोन घरांत वाटला तर अर्धा अर्धाच येणार, यात काय नवल, असं सगळे धरून चालले होते. दुसरी गंमत अशी की दोन्ही घरांची बटनं दाबल्याशिवाय कुठेच उजेड पडायचा नाही. दिवेलागणीला काकी तिकडून हाक मारायची, "बाय, दाबलं का गो?" आई इकडून सांगायची, "दाबलं, तू दाब." आणि झोपताना पुन्हा तीच विचारपूस. एका घराने बटन बंद केलं की दुसरंही घर काळोखात. जेवणं त्यामुळे दोन्हीकडे एकाच वेळी व्हायची. आईची तांदळाची भाकरी थापल्याचा आवाज थांबला की काकीचाही थांबायचा, वालाच्या कालवणाचा आणि भाजलेल्या बोंबलांचा वास खळ्यावर एकत्र व्हायचा, आणि माळशेज घाट उतरून आलेल्या ट्रकांचा ब्रेकचा आवाज मधूनमधून या सगळ्यात घुसायचा. आता मी मुरबाडला एसटी स्टँडच्या मागे राहते. चार खोल्यांत किती दिवे आहेत ते मला सांगता येणार नाही, आणि शेजारचे कधी झोपतात तेही.

त्या वर्षी मी दहावीला होते. शाळा टोकावड्याला. मला एका जागी बसून अभ्यास कधी जमला नाही. पुस्तक हातात धरून मी खळ्यावर फेऱ्या मारायची, ओठ हलत असायचे, आणि येणारे-जाणारे आईला विचारायचे की पोरीला काही झालंय का. "हिच्या पायाला भिंगरी लागलीया," आई म्हणायची. माझ्या डोक्यात एकच होतं, शहापूर. दहावीनंतर कॉलेजला, शास्त्र शाखेला जायचं. मुरबाडला आमचं राहण्याजोगं कुणी नव्हतं, पण शहापूरला काकीचा भाऊ होता, त्याला आम्ही सगळे मामाच म्हणायचो. मामाने स्वतः होऊन सांगितलं होतं की कुंदा आमच्याकडे राहील, आमच्या पोरींबरोबर कॉलेजला जाईल. हे सगळं जुळवलं होतं जनाकाकाने. तो कल्याणकडे कंपनीत कामाला जायचा, जगात काय चाललंय ते त्याला कळायचं, आणि मुलींनी शिकावं असं म्हणणारा आमच्या घरातला तो एकटाच माणूस. बाबा हो म्हणाले होते, पण ते हो म्हणजे ओल्या मातीत रोवलेली मेख, कधीही हलली असती. शहापूर हुकलं असतं तर पुढे काय, हे मला आत्याच्या मुलीकडे बघून माहीत होतं. ती माझ्याच वयाची, आणि तिच्या कडेवर मूल होतं.

बिघडलं ते बाबांच्या मायेने. अभ्यासाला उजेड पुरत नाही, पोरीचे डोळे जातील, म्हणून त्यांनी मुरबाडच्या बाजारातून शंभर वॅटचा बल्ब आणला. आधीचा चाळीसचा होता, काकाकडेही चाळीसचाच. कागदात, मग फडक्यात, मग टॉवेलात गुंडाळून एसटीत मांडीवर धरून आणलेला तो बल्ब बाबांनी मोठ्या तोऱ्यात होल्डरला लावला. आईने काकीला हाक मारली, दोन्ही बटनं दाबली गेली. आमच्या बल्बात एक लाल तार दिसली, विडीच्या टोकासारखी, आणि बस. उजेड नाहीच. आणि खळ्यापलीकडे काकाचं माजघर कधी नव्हे इतकं लख्ख उजळलं. तिकडून काकाचा खुशीतला आवाज आला, "दादा, आमचा झकास झाला रे. काय केलंस?"

बाबा अंधारातच उठून खळं ओलांडून गेले. मी मागोमाग. काकाच्या बल्बाखाली उभे राहून ते वर बघत राहिले. मग म्हणाले, "मोठा गोळा मी आनला, आन उजेड तुझ्या घरात?"

"मी काय केलं त्यात? माझा तोच हाय जुना," काका म्हणाला.

बाबांनी घरी येऊन जुना चाळीसचा लावला, दोन्हीकडे पुन्हा सारखा तांबूस उजेड. शंभरचा लावला, पुन्हा काकाकडे लख्ख. तीन-चारदा असं झालं आणि प्रत्येक वेळी बाबांचं तोंड आणखी घट्ट होत गेलं. वरच्या खाचरवाल्याने रात्री आपल्या बांधाचं तोंड बुजवलं की खालचं खाचर कोरडं पडतं, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. त्यावरून भांडणं होतात, कोयते निघतात. करंट आधी काकाच्या बल्बात जातो, काका वरच्या खाचरात. मग आमचा उजेड कुठे गेला हे सांगायला त्यांना शाळेत जायची गरज नव्हती. शेजारचे चार लोक गोळा झाले होते, त्यांच्यादेखत बाबा म्हणाले, "माझ्या पोरीच्या अभ्यासाचा उजेड चोरलास जना. सख्खा भाऊ म्हनून तुझ्याकडनं लाईन घेतली. आता तुझ्या सासुरवाडीच्या दारात माझी पोर जायाची नाय." आणि घरी येऊन त्यांनी होल्डरमधून बल्बच काढून टाकला, कंदील लावला आणि जेवायला बसले. बल्ब काढल्याबरोबर काकाच्या घरीही काळोख झाला.

आता काकाची पाळी होती. मीटर त्याचं, घर त्याचं, आणि भावाने मुद्दाम त्याच्या घरात अंधार केला. त्याला तरी दुसरं काय वाटणार? त्या तारांना हात लावायचा धीर काकाला नव्हता, तो मान बाबांचा, म्हणून त्यानेही कंदील काढला. दोन्ही घरं कंदिलावर आली आणि दोन्ही घरांतली माणसं आपल्याला लुटलं म्हणून बसली. मला तेव्हा दोघांचाही इतका राग आला होता की भाकरी गिळवेना. वर्षानुवर्षं बरोबर राब करणारे हे भाऊ. रानातून तोडून आणलेली डहाळी आणि शेण रोपाच्या जागेवर पसरून जाळायचं, त्याला आमच्याकडे राब म्हणतात, आणि तो दोघांचा एकच असायचा. त्या वर्षी बाबांनी आपल्या डहाळीचे भारे वेगळ्या ठिकाणी टाकायला सुरुवात केली. काका समोरून आला की ते बांध बदलायचे. परसदारी मात्र आई नि काकी भांडी घासायला एकाच वेळी बसायच्या आणि काय ते पुटपुटत असायच्या.

अशातच दळवी सरांनी विद्युतधारेचा धडा घेतला. दळवी सर चिडखोर होते आणि त्यांच्या चिडखोरपणाचं मूळ एका बिस्किटाच्या डब्यात होतं. त्या डब्यात जुन्या टॉवेलात गुंडाळलेला शाळेचा अमीटर. पूर्वीचा एक अमीटर कुणा पोराने थेट सेलच्या दोन टोकांना लावून जाळला होता, तेव्हापासून सर हा नवा अमीटर वर्गात आणायचे ते नवजात बाळ आणल्यासारखे, आणि कुणी दोन पावलांच्या आत आलं की ओरडायचे. त्यांनी टेबलावर सेल मांडले, बॅटरीचे दोन छोटे बल्ब एकापुढे एक जोडले आणि विचारलं, "धारा कुठं जास्त असंल? पहिल्या बल्बाच्या आधी, दोघांच्या मध्ये, की दुसऱ्यानंतर?"

मी हात वर करून थांबले नाही, उभीच राहिले. "आधी जास्त सर. मग कमी. शेवटी एकदम कमी." सगळा वर्ग माझ्या बाजूने. भातवाल्यांची पोरं आम्ही, वरचा पितो तेव्हा खालच्याला कमी मिळतं हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नव्हतं.

सरांनी अमीटर पहिल्या बल्बाच्या आधी जोडला. काटा अर्ध्याच्या थोडा अलीकडे थांबला. मग दोघांच्या मध्ये. तिथेच. मग दुसऱ्याच्या पुढे. तिथेच. "काटा अडकलाय सर," मी म्हटलं. सरांनी काचेवर टिचकी मारली, काटा हलून पुन्हा तिथेच. मी म्हटलं, मला करू द्या. अमीटरला हात लावू द्या असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. सरांना काय वाटलं कोण जाणे, ते बाजूला झाले. मी तारा सोडल्या, बांधल्या, बल्बांची अदलाबदल केली, सेल उलटे केले तेव्हा काटा शून्याच्या मागे गेला आणि सर ओरडले, म्हणून पुन्हा सरळ केले. जागा कोणतीही असो, काटा एकच गोष्ट सांगत होता. मला हायसं वाटायला हवं होतं, पण मला संताप आला. इतकी वर्षं जे डोळ्यांनी पाहिलं ते खोटं कसं असेल?

मग सरांनी एक बल्ब काढून दुसऱ्या, मोठ्या बॅटरीचा बल्ब लावला. एक झगझगीत पेटला आणि मोठा नुसता लाल. ते आमचं घर होतं. लाल तो आमचा, झगझगीत तो काकाचा. सरांनी अमीटर पुन्हा दोन्हीकडे लावून दाखवला, दोन्हीकडे काटा सारखाच. "बघा," सर म्हणाले, "जेवढी धारा आत जाते तेवढीच बाहेर पडते. मधे कोणी पीत नाही. पण ज्या बल्बाची तार धारेला जास्त अडवते, तो जास्त तापतो, जास्त उजळतो. ह्या मोठ्याची तार जाड, ती अडवत नाही, म्हणून एकसर जोडणीत बिचारा लाल राहतो. एक काढला की रस्ताच तुटतो, दुसराही विझतो." पुढे मीही बरीच वर्षं शाळेत हाच धडा शिकवला आणि दर वर्षी कुणी ना कुणी उठून म्हणायचंच की शेवटच्या बल्बाला कमी मिळणार. मी कधी त्यांना हसले नाही.

तास संपल्यावर मी सरांना घरचं सगळं सांगितलं. सर सुपारी चघळायचे थांबले. "कुणी जोडलं हे?" मी म्हटलं, बाबांनी. त्यांनी वहीच्या मागच्या पानावर दोन आकृत्या काढल्या, तुमच्याकडे असं आहे, हवं होतं असं, आणि मेन बंद केल्याशिवाय कुणी हात लावला तर मी जबाबदार नाही असंही ऐकवलं. मी अमीटर मागितला. सर म्हणाले, शाळेबाहेर जाणार नाही. मी दुसऱ्या दिवशी मागितला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. मधल्या सुट्टीत मी त्यांच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहायची आणि सर जेवणाचा डबा उघडायचे तेव्हा घास त्यांना जायचा नाही. शेवटी एका शनिवारी त्यांनी सेल आणि बल्बही आत घालून बिस्किटाचा डबा माझ्या हातात दिला आणि दम भरला, "फक्त सेलवर. घरच्या लाईनीला लावलास तर हा मरेल, आणि कदाचित तूही. सोमवारी पहिल्या तासाला इथं."

माझी खरी अडचण पुढेच होती. बाबांना चोरीची शंका चुकीची होती हे दाखवायचं, तर चूक कुठे होती तेही निघणार. आणि ती बाबांच्या हातची. धाकट्या भावासमोर आपल्या पोरीने आपली चूक काढली, हे बाबांना कसं लागेल याचा मला अंदाज होता. राग धरला तर शहापूर कायमचं गेलं. काही न बोलावं तर तसंही गेलंच होतं. तो डबा मांडीवर घेऊन एसटीत बसले तेव्हा वाटलं की उतरून परत सरांना देऊन यावा.

आईला मी परसदारी सांगितलं. तिने डबा उघडून अमीटर पाहिला. "घड्याळ हाय?"

"घड्याळ नाही, करंट मोजतं."

"मंग दाखव तुझ्या बापाला हे घड्याळ. जनाभावजींना काकी आनंल." काकी शेजारीच बसली होती. तिने हात धुतले आणि निघालीही. त्या दोघींनी हे आधीच ठरवलं असावं असं मला आजही वाटतं. पुरुषांना सांगितलं ते एवढंच, की पोरीला शाळेचं काहीतरी घरच्यांसमोर करून दाखवायचंय.

उन्हं उतरत होती. शिमगा जवळ आलेला, खळं नुकतंच सारवलेलं. मी पाटावर सेल मांडले, दोन बल्ब लावले. बाबा आमच्या ओट्याच्या कडेला उभे राहिले, काका त्याच्या ओट्याच्या. दोघे एकमेकांकडे सोडून सगळीकडे बघत होते. मी बोलायला सुरुवात केली ती इतक्या भरभर की आई म्हणाली, "हळू गो, गाडी सुटाय लागली का?" मी एका बल्बाला काकाचा म्हटलं, दुसऱ्याला आमचा. बाबा पायऱ्या उतरून जवळ आले. काटा काकाच्या बल्बाआधी, काटा दोघांच्या मध्ये, काटा आमच्या बल्बानंतर.

बाबा म्हणाले, "मशीन शाळेचं हाय. ते शाळेसारकंच बोलनार."

"मग तुमी लावा."

बाबा उकिडवे बसले. त्या जाड बोटांनी त्यांनी तारा उचलल्या तेव्हा मला दळवी सर आठवले. त्यांनी बल्बांची अदलाबदल केली, काकाचा पुढे होता तो मागे केला. काटा तिथेच. मोठा बल्ब लावला, तो लाल झाला, लहान झगझगला. काटा दोन्हीकडे सारखा. काकाही आता जवळ येऊन वाकून बघत होता. शेवटी बाबांनी मोठा बल्ब काढला. दुसराही विझला. तो त्यांनी पुन्हा लावला, पुन्हा काढला. त्यांचा हात तिथेच थांबला.

"म्हंजे दादा," काका हळू म्हणाला, "माझ्या घरचा तू मुद्दाम बंद नाय केलास?"

"मी माझा काढला फक्त. तुझा बी इझंल, ते रागात ध्यानात नाय आलं."

रस्त्यावरून ट्रक गेला. मग काकाने, सहज, काही मनात न ठेवता विचारलं, "मंग चूक कुटं झाली?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. वहीतलं ते पान माझ्या हातात होतं, दोन्ही आकृत्या त्यावर होत्या. वाटेत मी वाक्यं जुळवली होती, कुणाला लागणार नाही अशी, आणि त्यातलं एकही तोंडातून निघेना. मला रडू येत होतं आणि रडायचीही घाई झाली होती.

"तिला काय इचारतोस," बाबा म्हणाले. "जोडनीत चूक हाय. जोडनी माझी हाय. पानी नेतात तसा नेला मी करंट."

काका पाटापाशी बसला. त्याने विझलेला बल्ब बोटांत धरून फिरवून पाहिला. "शिडी मी धरली व्हती," तो म्हणाला. "वर तू, खाली मी. तवा नाय बोललो काय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मेन बंद करून, दोनदा बंद आहे का ते बघून, दोघांनी सरांच्या आकृतीप्रमाणे तारा बदलल्या. बाबांनी ती आकृती एकदा पाहिली आणि म्हणाले, "आता आलं ध्यानात. खाचराला खाचर लावायचं नाय. पाटालाच दोन तोंडं करायची." सरांनी समांतर जोडणी दोन तास समजावली असती तरी याहून नीट सांगता आलं नसतं. बल्ब लागले तेव्हा आईने डोळ्यांवर पदर धरला आणि पहिल्यांदाच आमच्या छपराला किती जाळी लागलीत ते सगळ्यांना दिसलं. त्या दिवसापासून काकीला हाक मारून विचारायचं काही राहिलं नाही. अमीटर सोमवारी पहिल्या तासाला डब्यात होता. आईला त्यानंतर बरेच दिवस वाटत होतं की ते घड्याळ आणखी थोडं घरात राहिलं असतं तर तिने त्यावर बाबांची जीभही मोजून घेतली असती.

पण शहापूरचं नाव कुणी काढेना. दोघे भाऊ बोलू लागले, बाबांनी आपले डहाळीचे भारे उचलून पुन्हा काकाच्या भाऱ्यांवर नेऊन टाकले, राब एकत्र जाळला. ते "जायाची नाय" मात्र चार लोकांदेखत तोंडातून गेलं होतं, आणि बाबा बोललेलं परत घेणारे नव्हते. परीक्षा झाली. उन्हाळा आला. मी विहिरीवर जायची, रानात जायची, करवंदं आणायची आणि कुणी न सांगता घर सारवायची. अंगात काहीतरी संचारलं होतं. काकीला विचारावं तर ती म्हणायची, "धीर धर गो." धीर या शब्दाची मला त्या उन्हाळ्यात शिसारी बसली. निकाल लागला, चांगला लागला, बाबांनी पेढे वाटले आणि त्या दिवशीही काही बोलले नाहीत. मी परसदारी जाऊन लाकडाच्या ढिगाला लाथ मारली आणि अंगठा फोडून घेतला.

मग एका सकाळी उठले तर ओट्यावर तांदळाचं पोतं बांधून ठेवलेलं, आणि बाबा धुतलेला शर्ट घालून चहा पीत बसलेले. काकाने कंपनीत सुट्टी टाकली होती. "कपडे घे तुझे," बाबा म्हणाले, एवढंच. मी अशी धावले की ट्रंकेचं झाकण लावायचं राहिलं. सरळगावापर्यंत एसटी, तिथून किन्हवलीमार्गे शहापूरला जीप. बाबा पोत्याला टेकून बसले होते आणि सबंध रस्ताभर बाहेरची शेतं बघत होते. त्यांना मामाच्या दारात जायला किती जड जात होतं ते मला त्यांच्या गप्प बसण्यावरून कळत होतं, आणि तरीही माझ्या मनात एकच होतं की जीप अजून जोरात का जात नाही. तरुणपणी माणूस असा असतो.

मामाने दारातच पोतं उतरवून घेतलं. भांडणाची गोष्ट त्याच्या कानावर केव्हाच गेली होती, आपल्या बहिणीच्या नवऱ्याला चोर म्हटलं गेलं तेही. त्यामुळे स्वागत नीट झालं पण थोडं आखडलेलं झालं. सतरंजी अंथरली. मामी पाणी घेऊन आली. काका भिंतीला टेकून बसला, मी ट्रंकेवर. मामाने माझ्याकडे बघत विचारलं, "पोरगी लई हुशार हाय म्हनं?"

बाबांनी तांब्या हातात घेतला, पण पाणी प्यायले नाहीत.

"हुशार हाय का नाय ते तुमी बघा," ते म्हणाले. "पन मोजल्याबिगर कुनाला चोर म्हनत नाय ती. तेवढं तिनं माझं नाय घेतलं."

काका उठला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. मामी मला म्हणाली, "ये गो आत, तुझी जागा दावते."